मधल्या मापाचं कपाट: प्रकल्प नोंदी

२१ जानेवारी २०२४, रविवार

वजन ८३.६ किलो. छाती ४४ इंच, कंबर ४१, शिट (नितंबांचा घेर) ४६. टेप आईंनी धरली (आई म्हणजे सासूबाई), आकडे मी लिहिले.

वजन उतरवायचं डॉक्टरांनी डिसेंबरातच बजावलंय. तीन महिन्यांच्या साखरेचा आकडा ६.३ आलाय, म्हणजे मधुमेह दारात उभा आहे. डावा गुडघाही डोंबिवली स्टेशनच्या जिन्यावर रोज आठवण करून देतो. खाण्याची आणि चालण्याची वही वेगळी आहे, ही वही फक्त कपड्यांची.

वेगळी वही का, ते आजच लिहून ठेवते. २०१९ मध्ये माझे नऊ किलो उतरले होते. तेव्हा मी ठरवलं होतं की सत्तरला पोचल्याशिवाय एकही कपडा घ्यायचा नाही. सात महिने तेच जुने कुर्ते घातले. खांदे दंडावर यायचे, सलवार गोळा करून नाडी आवळायची. ऑफिसात दोघींनी काळजीने विचारलं, "बरं नाही का गं?" नऊ किलो उतरवूनही आरशात मला तीच मी दिसत होते, फक्त जास्त थकलेली. पुढे कंटाळा आला, चालणं सुटलं, नऊचे अकरा होऊन परत आले. कपड्यांमुळेच आले असं नाही म्हणणार. पण त्या सात महिन्यांत माझ्या मेहनतीचं काही दिसलं नाही, आणि त्याला कपडे नक्की कारण होते.

या वेळची अट अशी: कुठल्याही आठवड्यात कपाट उघडलं की ऑफिसला घालता येतील असे, आज आहे त्या अंगाला नीट बसणारे पाच जोड मिळाले पाहिजेत. उद्याच्या अंगाला बसणारे मोजायचे नाहीत. वर्षाचा खर्च ८,००० रुपयांच्या आत. त्यात शिलाई, कापड, आतले कपडे, सगळं आलं.

आजचा खर्च: नवी टेप, खडू, टाचण्या, नाडीची दोन रिळं, इलॅस्टिक. २४० रुपये.

२८ जानेवारी, रविवार

दोन दिवस घर कपड्यांनी भरलं होतं. माळ्यावरची ट्रंक खाली उतरवली. कुर्ते आणि ड्रेस मिळून ३८ निघाले, ब्लाउज २७. साड्या मोजल्याच नाहीत, साडीला माप नसतं.

प्रत्येक कुर्ता जमिनीवर सपाट पसरला, एका काखेपासून दुसऱ्या काखेपर्यंत टेप लावली आणि आकड्याची दुप्पट केली. सुती कुर्ता अंगाच्या छातीपेक्षा तीन-चार इंच मोठा हवा, नाहीतर हात वर करून ट्रेनची कडी पकडली की काखेत ओढतो. होजिअरीला एक इंचही पुरतो. त्या हिशोबाने चिठ्ठी लिहून टाचणीने लावली: "अंग ४२ ला घालायचा", "अंग ४० ला".

लेबलांवर मी इतकी वर्षं विश्वास ठेवला याचं वाईट वाटलं. एक्सएलचं लेबल असलेले पाच कुर्ते निघाले, पाच दुकानांचे. त्यांची मापं ४१ पासून ४६ पर्यंत. एकाच अक्षरात पाच इंचांचा फरक! दुकानातल्या त्या छोट्या खोलीत "मला एक्सएल पण होत नाही" म्हणून मी डोळे पुसलेत. तो एक्सएल ४१ चा होता. आपल्याकडच्या माणसांची मापं घेऊन भारतीय साइझ ठरवण्याचं काम निफ्टने, म्हणजे फॅशन शिकवणाऱ्या सरकारी संस्थेने, हाती घेतलंय. मुंबईसह सहा शहरं, २५ हजारांवर लोक, थ्रीडी स्कॅनर, अशी त्याची आखणी आहे. हे तक्ते दुकानांपर्यंत पोचतील तेव्हा पोचोत, तोवर टेप पर्समध्ये राहील.

चार पिशव्या झाल्या. आजच्या मापाच्या कपड्यांची कपाटात राहिली. बाकीच्या तिघींवर खडूने ४२, ४०, ३८ लिहून माळ्यावर टाकल्या. ट्रंकेतले लहान झालेले कपडे आजवर मला टोचायचे. आता ते रांगेत उभे आहेत, ज्याची पाळी येईल तो खाली येईल.

आज नीट बसणारे कुर्ते: ११. त्यांतले सात काळे किंवा गडद निळे. तेवढंच लिहून ठेवते.

१७ फेब्रुवारी, शनिवार

वजन ८१.२.

ऑफिस सुटल्यावर मंगलदास मार्केटला गेले. नवं घ्यायचंच तर असं हवं की ज्याचं माप बदलता येईल. आठवडाभर डोक्यात हेच चाललं होतं. तयार कुर्तीत असं काही सापडेना. उत्तर आईंनी दिलं: "अंगरखा शीव. बांधायचा असतो तो, जेवढा आवळशील तेवढा."

अंगरख्यात पुढची एक बाजू दुसरीवर चढते, एक नाडी आत बांधायची, एक बाहेर. पुढची बाजू सहा इंच चढती ठेवली तर अंग चार इंच उतरेपर्यंत कुर्ता चालतो, फक्त बांधायची जागा सरकते. कापड सुती, ४४ इंच पन्ह्याचं, एका कुर्त्याला पावणेतीन मीटर. दोन कापडं घेतली, एक हळदी आणि एक गेरूच्या रंगाचं. १३० रुपये मीटरने साडेपाच मीटर, ७१५ रुपये. काळं मुद्दाम घेतलं नाही.

दुकानदार म्हणाला, "ताई, प्रिंट मोठा आहे, अंगावर भरलेला दिसेल." मी म्हटलं, "दिसू दे." आणि कापड फाडायला सांगितलं.

कापड रात्रीच बादलीत भिजत टाकलं. सुती कापड पाण्यातून काढल्याशिवाय बेतायचं नाही, पहिल्या धुण्याला आटतं. आधीच उतरणाऱ्या अंगाचा हिशोब आहे, त्यात आटणाऱ्या कापडाचा नको.

३ मार्च, रविवार

दोन्ही अंगरखे झाले. आईंच्या उषाच्या पायमशीनवर शिवले. पट्टा सैल झाला होता, तो आधी बदलून घेतला. कापणं आईंचं, शिवण माझी. आई ७४ वर्षांच्या आहेत, सुईत दोरा ओवायला त्यांना माझे डोळे लागतात, पण मुंढ्याचा (बाही जोडायच्या जागेचा) गोल त्या अजून खडूच्या एका फटक्यात काढतात.

एका गोष्टीवर वाद झाला. बाजूच्या शिवणीला मी अर्धा इंच माया (शिवणीच्या आत सोडायचं जास्तीचं कापड) धरली होती. आई म्हणाल्या, दीड इंच ठेव. मी म्हटलं, "आई, मी कमी होणार आहे, वाढणार नाही. माया कशाला?" त्यांनी ऐकलं नाही, दोन्ही बाजूंना दीड-दीड इंच सोडूनच कापलं. "शरीर आहे, ते आपल्याला विचारून चालत नाही," इतकंच बोलल्या.

सलवारी सगळ्या नाडीच्या. लेगिंग आणि इलॅस्टिकच्या पँटी या कामाला कुचकामी. पाच किलो उतरले की इलॅस्टिक कमरेवर थांबत नाही, आणि दादरला जिना चढताना एका हातात पर्स आणि दुसऱ्या हाताने पँट धरायची वेळ येते. हा गेल्या सोमवारचा अनुभव आहे. ज्या दोन लेगिंग टाकवत नव्हत्या, त्यांच्या कमरेत चीर देऊन नाडी ओवली.

"सैल कपडे बरे, मोकळं वाटतं" असं सगळे म्हणतात. गर्दीच्या लोकलमध्ये ते खरं नाही. सैल कुर्त्याचा गळा धक्क्याने खांद्यावरून उतरतो. उतरताना मागचीच्या बॅगेत घेर अडकतो आणि आपण अर्धे प्लॅटफॉर्मवर, अर्धे डब्यात. माझ्यासारख्या गुडघ्याच्या बाईला तर हे चालणारच नाही. मापाचा कपडा मला दिसण्यासाठी हवा आहेच, पण पडू नये म्हणूनही हवा आहे.

९ मार्च, शनिवार

वजन ७९.८. आकडा सातने सुरू झाला.

आज ब्रा घेतल्या. याविषयी घरात कुणी बोलत नाही, म्हणून इथे सविस्तर लिहिते. वजन उतरायला लागलं की पहिला कपडा हाच बिघडतो, आणि टेलरकडे नेऊन नीट होत नाही तोही हाच. मागचा पट्टा वर सरकतो, मग सगळा भार खांद्याच्या पट्ट्यांवर येतो आणि खांद्यात वळ पडतात. मला दोन महिने मान दुखत होती. मी उशी बदलली, तेल लावलं. दुखत होतं ते सैल पट्ट्यामुळे.

घेताना पाहायचं ते हे: सगळ्यात बाहेरच्या, म्हणजे शेवटच्या हुकावर नीट बसली पाहिजे. मग अंग उतरेल तसतसं आतल्या हुकांवर यायचं. तीन ओळींची घेतली तर तेवढेच जास्त महिने चालते. घालून पाहताना आधीच आतल्या हुकावर लावावी लागली तर ती घ्यायची नाही, महिन्यात वाया जाते. आणि दोनच घ्यायच्या.

दोन नग १,१०० रुपये. या वर्षात अजून एकदा घ्याव्या लागतील, तेवढे पैसे बाजूला धरलेत.

९ एप्रिल, मंगळवार. गुढीपाडवा

वजन ७७.४. छाती साडेबेचाळीस, कंबर साडेअडतीस.

पाडव्यासाठी एक ब्लाउज टेलरकडून शिवून घेतला, ४५० रुपये. त्याला आधीच सांगितलं की माया भरपूर ठेवा आणि बाजूची शिवण लांब टाक्याने घाला, मला महिन्या-दीड महिन्याने आत घ्यायची आहे. काका हसले नाहीत, उलट विचारलं, "किती उतरवणार वहिनी? त्या मानाने टक्स धरतो." टक्स म्हणजे ब्लाउजला आकार देणाऱ्या शिवलेल्या चुण्या. इतक्या सरळपणे कुणी विचारलं नव्हतं.

त्यांनी एक गोष्ट समजावून सांगितली. बाजूची शिवण आत घेत गेलं तर साधारण दोन-तीन इंचांपर्यंत ब्लाउज शोभतो. त्यापुढे टक्सची टोकं जागा सोडून काखेकडे सरकतात, मुंढ्याखाली चुण्या पडतात आणि गळा पुढून उघडा राहतो. खांदा तर बाजूच्या शिवणीने कमी होतच नाही, त्याला बाही काढून परत बेतावं लागतं. आणि रेशमी कपडा उसवला की सुईची भोकं तशीच राहतात, म्हणून पहिल्यांदा घालायची शिवणच विचार करून घालायची.

दुपारी ट्रंकेतून आईंच्या सासूबाईंची खणाची चोळी काढली. कर्नाटकातल्या गुळेदगुड्डचा खण, काठ अजून जसाच्या तसा. हिला हुक नाहीत, पुढे दोन टोकांची गाठ मारायची. अंग भरलं की गाठ सैल, उतरलं की घट्ट. चार बाळंतपणांत एकच चोळी घातली असं आई सांगतात. शिवणाऱ्या बायकांना बाईचं अंग बदलतं हे ठाऊक होतं, आणि कपडा त्या बेताने केलेला होता. मी बराच वेळ ती गाठ सोडबांध करत बसले.

१९ मे, रविवार

वजन ७५. छाती ४२. पिशवी ४२ दोन आठवड्यांपूर्वी खाली आली. त्यातले सात कुर्ते चालू झाले, दोन चिठ्ठी चुकल्यामुळे परत गेले.

पण आज लिहायचंय ते चुकीबद्दल. एप्रिलच्या शेवटी तीन आठवडे काटा हलला नव्हता. त्या दिवसांत एका रात्री मोबाइलवर सेल लागला होता, आणि मी ३८ च्या मापाचे तीन कुर्ते मागवले. मनात असं होतं की समोर लटकत राहिले की हुरूप येईल. आले, बसले नाहीत, परत करायची मुदत मी जाऊ दिली: बसतील पुढे, काय घाई आहे. खर्च १,९५०. चार महिन्यांत नीट विचार करून केला त्याच्या जवळजवळ एवढा खर्च एका रात्रीत झाला.

आज त्यांची मापं घेतली. तिघांवर एकच लेबल आणि छाती ३९, साडेचाळीस, ४२. त्यातलं शेवटचं एकच अंग ३८ झाल्यावर होईल. कापड कृत्रिम, माया पाव इंच. उसवून काही करता येत नाही.

हुरूपही आला नाही. रोज कपाट उघडलं की ते तीन कुर्ते विचारायचे, अजून नाही का? चार महिन्यांत साडेआठ किलो उतरवलेली बाई त्यांच्यासमोर रोज नापास होत होती. आज ते तीन पिशवी ३८ मध्ये टाकून माळ्यावर पाठवले.

शिवाय एक लक्षात आलं. उतरल्यावर अंग कुठल्या आकाराचं होईल ते आधी कळतच नाही. माझं आधी चेहरा, मान, बोटं, मग कंबर असं चाललंय. शिट अजून ४४ वर अडून आहे. २०१० मध्ये ७५ किलोला मी जशी होते तशी मी आज ७५ ला नाही. तेव्हाचे दोन ड्रेस छातीत येतात, मांडीवर अडकतात. उद्याच्या अंगासाठी आज कपडा घेणं म्हणजे ज्या माणसाला पाहिलं नाही त्याच्यासाठी घेणं.

एकूण खर्च ४,४५५.

२३ जून, रविवार

७३.२. आतापर्यंतचं सगळ्यात कमी.

पाऊस सुरू, घरात कपडे वाळत नाहीत, म्हणून पाच जोडांचे सात हवेत. घाईत तीन कुर्ते स्टेशनजवळच्या एका आल्टरेशनवाल्याकडे टाकले, ८० रुपये नग, २४० झाले. फिटिंग सुंदर आलं. घरी येऊन उलटं करून पाहिलं तर आतलं जास्तीचं कापड कापून वर ओव्हरलॉक (कडेची पक्की शिलाई) मारलेला. मी "कापू नका" म्हटलं नव्हतं. आई काही बोलल्या नाहीत, फक्त शिवणीवरून बोट फिरवलं.

२१ जुलै, रविवार

वजन ७४.९. वाढलं.

गुडघा सुजला, डॉक्टरांनी तीन आठवडे चालणं बंद केलं, आषाढीला साबुदाणा झाला, पावसात भजी झाली. पावणेदोन किलो. फार नाही, पण ओव्हरलॉक मारलेले तिन्ही कुर्ते काखेत कचतात. त्यांना सोडायला आत काही उरलेलं नाही.

अंगरखे मात्र चालतात. नाडी बोटभर पुढे बांधली, एवढंच. त्या दीड इंचाची तर गरजही लागली नाही, पण ती आहे हे माहीत असल्यामुळे मी सोमवारी ऑफिसला निघताना शांत होते. पाडव्याचा ब्लाउज जूनमध्ये मीच आत घेतला होता, लांब टाक्याने. ती शिवण पाच मिनिटांत ब्लेडने उसवली, जुनी शिवण खाली तशीच होती. ब्लाउज बसला.

२०१९ मध्ये हाच टप्पा आला होता आणि मी तिथूनच मागे फिरले. आठ वाजता कपाटासमोर उभं राहायचं, दोन कुर्ते घालून काढायचे, तिसरा कसाबसा चढवायचा. घराबाहेर पडण्याआधीच दिवस हरलेला असायचा. या वेळी वजन वाढलं, पण कपाटाने मला त्याची शिक्षा केली नाही. मी या वहीवर एवढा वेळ का घालवते असं ह्यांनी मध्ये विचारलं होतं. त्याचं उत्तर हे आहे. सत्तरच्या आत जाईन तेव्हा जाईन, पण ८३ आणि ७० च्या मधले जे दिवस आहेत ते माझ्या आयुष्यातलेच आहेत. ऑफिसातल्या मिटिंगा, लेकीच्या कॉलेजचा कार्यक्रम, भाचीचा साखरपुडा, सगळं याच महिन्यांत होतंय. या दिवसांना अंगभर, मापाचा, आवडत्या रंगाचा कपडा का नको? वयाच्या ३८ पासून ४६ पर्यंत मी "बारीक झाल्यावर घेऊ" म्हणत आले. आठ वर्षं. त्या आठ वर्षांतले माझे फोटो शोधले तर पुढे कोणीतरी असतं आणि मी मागच्या रांगेत काळ्या कुर्त्यात.

नियम वाढवला: कुठेही आल्टरला दिलं तर आधी सांगायचं, कापायचं नाही. माया आत दुमडून हातशिलाईचे चार टाके घालायचे. वजन एका आकड्यावर सहा महिने राहिलं, तरच कात्री.

१८ ऑगस्ट, रविवार

७३.०. वाढले ते परत गेले. छाती ४१.

अकरा ब्लाउज पाडव्याच्या टेलरकडे नेले, त्यातले चार त्यांनी घेतले. बाह्या काढून, खांदा आणि मुंढा परत बेतून, १५० रुपये एक. नवा शिवण्याच्या तिसऱ्या हिश्शात काम झालं. सात ब्लाउज त्यांनी परत दिले, "यांना हात लावू नका वहिनी, रेशीम आहे, भोकं दिसतील. माप थांबलं की नवे शिवू." स्वतःच्या धंद्याविरुद्ध सल्ला देणारा माणूस.

ब्रा दुसऱ्यांदा, दोन नग, १,१००. मार्चमधल्या सगळ्यात आतल्या हुकावर येऊनही सैल झाल्या होत्या. पाच महिने पुरल्या.

१४ सप्टेंबर, शनिवार

गौरी-गणपतीच्या गडबडीत वजन केलं नाही.

गौरींसाठी बांगड्या भरायला गेले. कासारणीने सवयीने दोन-आठचा, म्हणजे अडीच इंची जोड काढला. हातात घातल्यावर तो मनगटावरून कोपराकडे घसरला. तिने हात दाबून पाहिला आणि म्हणाली, "दोन-सहा लागेल आता तुम्हाला." इंचाचे दोन सोळांश कमी. काट्याने, टेपने, डॉक्टरांनी सांगितलं होतं, पण कासारणीने सांगितल्यावर मला का कोण जाणे रडू आलं. हिरवा चुडा भरला. अंगठीला मात्र दोराच गुंडाळलाय, सोनाराकडे आत्ता जायचं नाही, कापलेलं सोनं परत जोडायचं तर डाग द्यावा लागतो.

३ ऑक्टोबर, गुरुवार. घटस्थापना

७०.१, छाती ४०. पिशवी ४० खाली आली.

नवरात्रीचे नऊ रंग. लेडीज डब्यात आज सगळीकडे पिवळा होता. मी वर्षानुवर्षं त्यात नसायचे, माझ्याकडे रंगाचं बसणारं काही नसायचं. या वेळी सप्टेंबरातच बसून तक्ता केला. नऊ कुर्ते घेणं बजेटात नव्हतं आणि दोन महिन्यांत ते सैल झाले असते. साडीला माप नसतं, तेव्हा नऊ दिवस साडी. पिवळी, हिरवी, राखाडी, नारिंगी, पांढरी, लाल, निळी, गुलाबी, जांभळी. सहा माझ्या, दोन आईंच्या, एक शेजारच्या काकूंची. अडचण फक्त ब्लाउजची. होजिअरीचे ताणणारे तयार ब्लाउज दोन घेतले, एक काळा आणि एक सोनेरी, ३०० ला एक. नऊही साड्यांवर यांतला एक चालतोच. अंग अजून दोन इंच उतरलं तरी ते चालतील. रोज रात्री एक धुवायचा.

परकरही नाडीचे, म्हणजे तिथेही काही अडत नाही. पूर्वी घेरात चुण्या पडून पोट पुढे दिसायचं, म्हणून दोन परकरांचा घेर बाजूने आत घेतला. मायेसकट.

नऊवारीच्या बायकांना हा सगळा हिशोब कधी मांडावाच लागला नसेल.

११ ऑक्टोबर, शुक्रवार

जांभळी साडी, काकूंची. नऊ दिवस पार पडले. डब्यातल्या ग्रुपचा फोटो आला. मी पुढच्या रांगेत आहे.

२७ ऑक्टोबर, रविवार

दिवाळीची साफसफाई. मूळ मापाचे, ४४ च्या अंगाचे कपडे काय करायचे हा प्रश्न दोन महिने टाळत होते. ठेवले तर परत त्यात जायची वाट मोकळी राहते असं एक मन म्हणतं. दिले आणि वजन वाढलं तर नवा खर्च, असं दुसरं. जुलैचा अनुभव ताजा आहे, त्यामुळे मी सगळे दिले नाहीत. ११ पैकी चार ठेवले: दोन सुती, ज्यांना आतून आत घेतलंय, आणि दोन आवडते. उरलेले सात आणि जुन्या जीन्स बोहारणीला.

बोहारीण जिन्यात बसून एकेक कपडा उजेडात धरून पाहते. जीन्सला भाव, इलॅस्टिक गेलेल्या लेगिंगला नाही. अर्धा तास घासाघीस होऊन स्टीलचं एक पातेलं आणि एक झाकणी मिळाली. तिने जाता जाता विचारलं, "इतके मोठे कपडे कुणाचे?" मी म्हटलं, "माझेच." तिने वर पाहिलं आणि झाकणीवर एक चमचा जास्त ठेवला.

जीर्ण झालेल्या दुसऱ्या चार सुती कुर्त्यांची आई गोधडी करणार आहेत. त्यातले काळेच वर दिसतील असं मला वाटत होतं. आई म्हणाल्या, काळ्याला खालची बाजू कर, वरून गेरू आणि हळदीच्या चिंध्या लाव.

१७ नोव्हेंबर, रविवार

ऑफिसच्या थंड खोलीसाठी एक पँट घेतली, ९०० रुपये. मागे कमरेत माया किती आहे ते दुकानात उलटी करून पाहिलं. विक्रेती मुलगी बघत राहिली, मग तिने स्वतःच दुसरी दोन उलटी करून दाखवली. सव्वा इंच मिळाली ती घेतली. कमरेत दोन इंचांपेक्षा जास्त आत घेतलं की मागचे खिसे एकमेकांजवळ येतात, म्हणून तेवढ्याच्या पुढचा विचार नाही.

एकूण खर्च ७,८९५. उरले १०५.

१ डिसेंबर, रविवार

६८.२. छाती साडेएकोणचाळीस, कंबर साडेचौतीस, शिट ४१. आमच्यासारख्या भारतीय बायकांसाठी डॉक्टर कंबर ८० सेंटिमीटरच्या आत धरतात, म्हणजे साडेएकतीस इंच. अजून तीन इंच आहेत. तीन महिन्यांची साखर ५.८ आली.

पिशवी ३८ माळ्यावरच आहे. ते तीन कुर्तेही.

भाचीचं लग्न २२ ला आहे. लग्नातली पैठणी काढली. तिच्या ब्लाउजची छाती ३३ निघाली. तो मी घडी करून परत मलमलीत गुंडाळला, त्यात जायचं माझ्या कुठल्याही यादीत नाही. पैठणीला नवा ब्लाउज घरीच करायचा ठरला. साडीतला ब्लाउजपीस वापरला होता, म्हणून रंगाला जुळणारं कापड आईंच्या पेटीतून निघालं. अस्तर आणि हुकांचं पान मिळून ९० रुपये.

दुपारी आईंनी कापड अंथरलं, खडू हातात घेतला आणि माझ्याकडे न बघता विचारलं, "माया किती धरू?"

"दीड इंच," मी म्हटलं. "दोन्ही बाजूंना."

कापून झालंय. उद्या टक्स.